काही नवीन?

काही माणसं वर्षातून दोन-तीनदाच लिहितात आणि नेमकी तीच वाचावीशी वाटतात. कोणी घाटवाटांवर लिहितं, कोणी पक्ष्यांवर, कोणी जुन्या नाट्यपदांवर. फेसबुकवर यांचा टिकाव लागत नाही. तिथे रोज काहीतरी टाकणाऱ्याची चलती. सहा महिन्यांनी उगवणाऱ्याला कोण विचारतो? मग आपणच अधूनमधून त्यांच्या ब्लॉगवर डोकावायचं आणि तीच जुनी पोस्ट बघून परत फिरायचं. हळूहळू डोकावणंही सुटतं.

आरएसएस, म्हणजे आवडत्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका यादीत दाखवणारी सोय, शिकून घ्यायला मला एवढं कारण पुरलं. शिकायचं तरी काय? वर्डप्रेसवरचा ब्लॉग असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'फीड' लिहायचं. ब्लॉगस्पॉटची शेपटी जरा लांब आहे: फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट. एंटर मारलं की कधीकधी पडदाभर नुसता कोनी कंसांचा चिखल दिसतो. दचकू नये. त्यात साध्या नोंदी असतात: लेखाचं शीर्षक, लिंक, तारीख, मग पूर्ण मजकूर किंवा त्याचा तुकडा. ती संपली की पुढची नोंद. नोंदींच्या या फाइललाच फीड म्हणतात. तिचा पत्ता फीडली, इनोरीडर किंवा थंडरबर्डसारख्या रीडरमध्ये, म्हणजे फीड गोळा करून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चिकटवला की काम झालं. (खरं तर नुसता ब्लॉगचा पत्ता दिला तरी बहुतेक रीडर फीड आपापलं हुडकून काढतात. त्या शेपट्या पाठ करणं म्हणजे निव्वळ हौस.)

यातली गंमत अशी, की ब्लॉग आपल्याला काहीच पाठवत नाही. सहसा रीडरच थोड्या थोड्या वेळाने तिकडे जातो, ती फाइल उघडतो, 'काही नवीन?' विचारतो आणि नसलं तर गुमान परत येतो. लिहिणाऱ्याला आपला ईमेल द्यावा लागत नाही, मोबाइल नंबर तर नाहीच. चपला घ्यायला गेलं तरी नंबर मागणाऱ्या दिवसांत हे फार बरं वाटतं.

हे तंत्र 1999 सालचं, नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतलं. ते घडवणाऱ्यांत आयआयटी मद्रासहून गेलेले आर. व्ही. गुहा होते. पुढे 2005 मध्ये गूगल रीडर आला आणि अनेकांची सकाळ त्याच्यावरच व्हायला लागली. 1 जुलै 2013 ला गूगलने तो बंद केला, तेव्हा 'आरएसएस संपलं' असं ठिकठिकाणी छापून आलं. संपलं काहीच नाही. आपली यादी ओपीएमएल नावाच्या एका फाइलमध्ये भरून लोक दुसऱ्या रीडरवर राहायला गेले. आज कानात पॉडकास्ट घालून फिरणाऱ्यांना कल्पना नसते, पण त्यांचे नवे भागही बहुतांशी याच वाटेने येतात.

एक पथ्य मात्र पाळावं. रीडरमध्ये वर्तमानपत्रांची फीड्स भरू नयेत. दिवसाला शेकड्याने बातम्या येऊन पडतात, 'न वाचलेले'चा आकडा फुगत जातो आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो घाटवाटांवाला त्यांच्याखाली गाडला जातो. बातम्या कुठूनही कळतात. रोज लिहिणाऱ्यांनाही मी हाच न्याय लावतो, मग ते कितीही चांगलं लिहोत.

"बंद पडलेले ब्लॉग काढून का टाकत नाहीस?" असं यादी बघून लोक विचारतात. का टाकायचे? गप्प बसलेलं फीड ना जागा अडवतं, ना आठवण करून देतं. शिवाय ब्लॉग बंद पडला की लेखक नुसता रेंगाळलाय, हे बाहेरून कसं ठरवणार? दोन-दोन वर्षांनी परत आलेले लोक माझ्या यादीत आहेत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'बऱ्याच दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. यापुढे नियमित लिहीन.' क्षमेचं काही नाही हो, पण ते नियमित लिहिण्याचं तेवढं मनावर घेऊ नका. तुम्हाला यादीतून काढावं लागेल.