तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोटला लायटिंग कशाला?

"मॅडम, हे लायटिंग कायले लावता? लाईटनं गोल होते का?" पालक विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, स्पर्धेला गेलं की समोरच्या टीमचे सर पण विचारतात. रोबो सॉकरमध्ये, म्हणजे रिमोटनं रोबोट चालवून गोल करायच्या स्पर्धेत, लाईटचा एकही मार्क नसतो हे मलाही माहितीये हो.

आधी मी एकच उत्तर द्यायचे, की ते कामाचं आहे, बॅटरी १०.५ व्होल्टच्या खाली गेली की रोबोटवरची एलईडीची पट्टी लाल होते, रिमोटचा सिग्नल तुटला की निळी लुकलुकते. खोटं नव्हतं ते. पण तेवढ्यासाठी दोन एलईडी पुरले असते, आम्ही ४८ लावले, आणि लावले कारण पोरांना आपला रोबोट सुंदर दिसायला पाहिजे होता. आता मला ती कामाची सबब सांगायचीच नाही. तान्ह्या पोळ्याला चाकावरच्या लाकडी नंदीला आपण माळा घालतो, रंगवतो, लेकरं तो ओढत मिरवतात, तेव्हा कोणी विचारतं का की यानं नंदी जास्त पळते का म्हणून?

आणि शिकणं म्हणाल तर लाईटनं जेवढं शिकवलं तेवढं मोटरनं नाही. सुरुवातीला एकच आर्डुइनो नॅनो, म्हणजे रोबोटचा मेंदू असलेला छोटा बोर्ड, रिमोटचा सिग्नल पण वाचायचा आणि पट्टी पण चालवायचा, आणि रंग बदलला की रोबोट झटका द्यायचा. आमची नववीतली एक पोरगी याच्या मागे लागली. या पट्टीतल्या एका एलईडीला रंग सांगायला २४ बिट लागतात, त्याला ३० मायक्रोसेकंद, ४८ ला जवळपास दीड मिलिसेकंद, आणि तेवढा वेळ नॅनो इंटरप्ट (मधेच येणारे सिग्नल) बंद करून बसतो, दुसरं काही ऐकतच नाही. रिमोटचा पल्स, ज्याच्या लांबीवरून मोटर किती फिरवायची ते कळतं, तोच मुळात एक ते दोन मिलिसेकंदांचा, मग तो चुकीचा मोजला जाणारच. तिनं लाईटला वेगळा नॅनो दिला आणि झटके थांबले. हे तिनं शोधलं, मी नाही.

आता ती नागपूरची मॅच, कारण तुम्ही सगळे तिथूनच विचारता. सेकंड हाफ होता, आम्ही एका गोलनं पुढे, आणि रोबोट मैदानाच्या मधोमध थांबला. मोटर बंद, पट्टी मात्र नारंगी, छान चालू. तिथंच घात झाला. लाईटही गेली असती तर लोक म्हणाले असते बॅटरी गेली असेल बिचाऱ्यांची, पण लाईट चालू आणि रोबोट बंद म्हटल्यावर जज माईकवरच म्हणाले, "डेकोरेशननं बॅटरी खाल्ली तुमची." हॉल हसला. ती पोरगी रिमोटच्या काड्या हलवतच राहिली, मॅच संपल्याची शिट्टी झाली तरी. परत येताना एसटीत रोबोट मांडीवर घेऊन बसली आणि नखानं पट्टी उचकटायला लागली, एक एक इंच, वायरी ओढून. मी शेजारीच होते. थांबवलं नाही, कारण तेव्हा मलाही वाटत होतं की जजचं बरोबर असेल.

नंतर लॅबमध्ये बसून मीटर लावला. बॅटरी ११.४ व्होल्ट, म्हणजे रिकामी नव्हतीच. सगळे ४८ एलईडी फुल पांढरे केले तर पावणेतीन-तीन अँपिअर जातात हे खरं, पण आमचे मंद होते, नारंगी होते, अर्धा अँपिअरही भरला नाही, आणि त्यांना बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) वेगळा होता. एक मोटर अडकली तर याच्या कितीतरी पट करंट ओढते. मोटर ड्रायव्हरच्या, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या बोर्डाच्या, स्क्रूखाली एक वायर मात्र सैल सापडली. ती मॅचमध्येच सैल झाली होती की एसटीत पट्टी ओढताना झाली, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणजे लाईट निर्दोष आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण दोषी आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?

एक मात्र मान्य. जायच्या आदल्या संध्याकाळी पोरं रंगाचे पॅटर्न बदलत बसली होती, तेवढ्यात सगळे स्क्रू आवळून झाले असते. पण लाईट नसती तर ती पोरं त्या संध्याकाळी लॅबमध्ये थांबलीच नसती, घरी गेली असती, हेही तेवढंच खरं आहे.

ती पोरगी बरेच दिवस लॅबकडे फिरकली नाही. आता येते. म्हणते, "मॅडम, यंदा लाईटले येगळी बॅटरी देऊ, मंग कोनी बोलनारच नाही." मला हे पटत नाही. वजन वाढेल, आणि वेगळी बॅटरी देणं म्हणजे त्या माईकवरच्या वाक्याला हो म्हणणं. ती म्हणते मॅडम तुमचा उगाच हट्ट आहे, हॉलमध्ये हसतात तेव्हा रिमोट तुमच्या हातात नसतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तरी मी अजून हो म्हटलेलं नाही. वजनाच्या नियमात बसतं का ते पाहून ठरवू, पण लाईट लागणार, एवढं धरून चाला.