तलवारीची तहान

नववीच्या वर्गाच्या हस्तलिखितासाठी मी एक अद्भुतकथा लिहिली होती. तिच्या तिसऱ्या पानावर, पित्याच्या वधानंतर, कथेचा नायक प्रतिज्ञा करतो : ‘माझ्या तलवारीची तहान भागेपर्यंत मी पाण्याला स्पर्श करणार नाही, आणि पित्याच्या नावाला लागलेला कलंक धुऊन काढल्यावाचून स्वस्थ बसणार नाही.’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते चार वेळा मोठ्याने वाचले होते, आणि ते मराठीच्या बाईंच्या नजरेत भरणार याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. ते भरलेही, पण निराळ्या कारणाने. बाईंनी ते फळ्यावर उतरवले आणि वर्गाला विचारले, ‘‘यातले खरे किती आणि बोलण्यापुरते किती?’’

त्या आठवड्यात आम्ही शब्दशक्ती, म्हणजे शब्दातून अर्थ निघण्याच्या रीती, शिकत होतो. ‘घरावरून हत्ती गेला’ हे व्याकरणाच्या पुस्तकातले उदाहरण सर्वांना पाठ होते : हत्ती छपरावरून चालत जाणे अशक्य, म्हणून वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, अडतो, आणि म्हणून त्याच्याशी जुळणारा ‘घरासमोरून गेला’ असा लक्ष्यार्थ घ्यायचा; या रीतीला लक्षणा म्हणतात. यामागचे जुने सूत्रही बाईंनी सांगितले होते. ११व्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात लक्षणेला ३ अटी घातल्या आहेत : मुख्य अर्थाला बाध यावा, नव्या अर्थाचा त्याच्याशी काही संबंध असावा, आणि त्या वापरामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. वर्गाने हे सूत्र उत्साहाने लावले. तलवारीला तोंड नाही, तेव्हा तहान लाक्षणिक. पाणी म्हणजे पाणीच, तेव्हा तिथे अभिधा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थच. माझेही मत तेच होते.

बाईंनी माझे पाचवे पान उघडले. त्यावर मीच लिहून ठेवले होते की ती तलवार एका असुराच्या जिभेपासून घडवलेली असून रात्री म्यानातून रक्त मागते. ‘‘मग हिची तहान बोलण्यापुरती कशी?’’ बाई म्हणाल्या. ‘‘ज्या गोष्टीत हत्तींना पंख आहेत, त्या गोष्टीत घरावरून हत्ती गेला तर आधी कौले मोजून घ्यावी लागतील.’’ अर्थाला बाध येतो तो आपल्या जगाच्या नियमांनी नव्हे, तर त्या कथेच्या जगाच्या नियमांनी, ही गोष्ट मला त्या क्षणी जितकी स्वच्छ दिसली तितकी नंतर वाचलेल्या कोणत्याही ग्रंथात दिसली नाही.

पाण्याचे उलटेच झाले. माझी कथा बारा वर्षे चालते. पाण्यावाचून माणूस काही दिवसांपलीकडे जगत नाही, आणि नायक माणूस नाही असे मी कुठेही म्हटलेले नव्हते. म्हणजे सर्वांत साधा वाटणारा शब्दच अडत होता. त्यातून नवव्या पानावर हा वीर छातीएवढ्या पाण्यातून नदी पार करतो! ‘‘प्रतिज्ञा मोडली की नाही?’’ या प्रश्नावर मी उभा राहून म्हणालो, ‘‘बाई, ते तसं म्हणायचं असतं.’’ त्यावर उत्तर आले, ‘‘तसं म्हणजे कसं, ते निदान लेखकाला ठाऊक हवं.’’ तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, की पाण्याला हातच लावायचा नाही, तर कलंक धुणार कशाने? वर्ग हसला, बाईही हसल्या. ‘कलंक धुणे’ इतके रुळलेले आहे की त्यात पाणी आहे हे लिहिताना माझ्या ध्यानातही आले नव्हते. शेजारच्या शब्दाने त्या झोपलेल्या रूपकाला जागे केले.

मग बाईंनी महाभारतातल्या दोन प्रतिज्ञा सांगितल्या. दुःशासनाचे रक्त पिण्याची प्रतिज्ञा भीमाने अक्षरशः पाळली असे रणांगणावर सर्वांना दिसते. पुढे गांधारीसमोर मात्र तो सांगतो की ते रक्त दात आणि ओठ यांच्यापलीकडे गेलेच नव्हते. दुसरी कर्णपर्वातली. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असे जो म्हणेल त्याचा वध करण्याचे अर्जुनाचे व्रत होते, आणि संतापाच्या भरात तसे म्हणाला तो प्रत्यक्ष युधिष्ठिर. अर्जुनाने तलवार उपसली, तेव्हा कृष्णाने ‘वध’ या शब्दाचाच अर्थ फिरवला : वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हटले की तो मेल्यातच जमा. अर्जुनाने थोरल्या भावाला एकेरीत हाक मारून घालूनपाडून बोलून घेतले आणि व्रत राखले. आईवडिलांशी, शिक्षकांशी बोलताना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतले अंतर सांभाळणाऱ्या आम्हा मुलांना हा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. (कृष्ण इथे पळवाट काढतो असे काहींचे मत पडले, माझे आजही तसे नाही. प्रयोजन पाहून अर्थ लावणे याला पळवाट म्हणत नाहीत.)

तास संपता संपता बाईंनी फळ्यावरच्या ‘तहान’ आणि ‘पाण्याला स्पर्श’ या शब्दांना एका रेघेने जोडले. नायक स्वतःची तहान तलवारीच्या तहानेला बांधून घेतो, म्हणजे तो हळूहळू स्वतःच शस्त्र होऊ लागला आहे; हे कुठेही लिहिलेले नाही, फक्त सूचित झाले आहे, आणि यालाच व्यंजना म्हणतात, असे त्या म्हणाल्या. मला हे मुळीच सुचलेले नव्हते. पण मी मान डोलावली.

अंतिम प्रत करताना मी ‘पाण्याला स्पर्श करणार नाही’ हे शब्द तसेच ठेवले, कारण ते कानाला गोड लागत होते. त्याऐवजी नायकाला रोज पहाटे एका झाडाचा रस पिऊन जगवले, आणि नवव्या पानावरच्या नदीवर वेलींचा पूल बांधला. या डागडुजीला दीड पान खर्ची पडले. पूल फार सुरेख झाला होता. नायक तो ओलांडू लागतो, आणि प्रसंगाला गांभीर्य यावे म्हणून मी तिथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पाडला होता. त्या ओळीसमोर, समासात, बाईंनी पेन्सिलीने एवढेसे प्रश्नचिन्ह काढले होते.