तिथीची पाऊणपट

रविवार, मार्गशीर्ष वद्य तृतीया

बाबांचा हिशेब तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तृतीया म्हणजे सव्वादोन. त्याआधी सहा तास, आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. दहापर्यंत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन परत यायचं, असं काल रात्रीच ठरलं.

अलिबागच्या किनाऱ्यापाशी साडेसातला पोचलो. गाडी लावून उतरलो सव्वानऊला. नाताळची सुट्टी, वाहनतळ भरलेला, गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये एक बस आडवी अडकलेली. एकाने गाडी थेट वाळूत घातली, ती चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतली. तिला ओढायला ट्रॅक्टर आला तेव्हा रस्ता आणखी तुंबला. मला खरंच राग आला. वाळूत गाडी घालू नये, हे कोणी सांगायला लागू नये.

बाबा मात्र शांत होते. खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाले, "फिरलं गं बाय पाणी."

तरी चाललो. थंडीतली ओली वाळू तळव्याला टोचते. लाटांनी तिच्यावर बोटभर उंचीच्या वळ्या पाडलेल्या असतात, घट्ट, पावलाखाली मोडतही नाहीत. पुढे खडक सुरू झाला. त्याला कालवं चिकटलेली, धारदार. मधल्या फटींत शेवाळ. इथे बाबा चपला हातात घेऊ देत नाहीत. मी त्यांचा दंड धरला होता. दंड किती बारीक झालाय, ते आज हाताला कळलं.

अर्ध्यावर पाणी घोट्याला लागलं. समोर तटाचे दगड दिसत होते, चुना न भरता एकावर एक रचलेले. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो, हे बाबांनी मला लहानपणी याच वाटेवर सांगितलेलं. 1680 साली महाराजांनी काम सुरू करवलं, तेव्हापासून समुद्र तिथे धडका देतोय.

मागून येणारी घोडागाडी थांबली. गाडीवान म्हणाला, "आजोबा, आत गेलात तर परत येताना कमरेएवढं होईल. नंतर होडीच."

बाबांना होडीत चढणं आता जमत नाही. त्यांनी तिथूनच, पाण्यात उभं राहून, आतल्या सिद्धिविनायकाला हात जोडले. राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं ते देऊळ वाटेवरून दिसत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी घड्याळ बघत होते, त्याचं आता वाईट वाटतंय.

पुढच्या रविवारी दशमी, भांगाचं पाणी, म्हणजे ओहोटीतही फारसं न ओसरणारं. वाट नीट उघडणारच नाही. संध्याकाळी बाबांनी कॅलेंडर काढलं. शुद्ध तृतीया सोमवारी येतेय. मी रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. गाडी घरीच राहील; पहाटेच्या एसटीने जाऊ.