बाबांचा तंबोरा कुणाच्या नावावर?

हरतालिकेच्या संध्याकाळी आम्ही आचऱ्याच्या घरी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरचं रानफळांचं-पानांचं छत, बांधत होतो. कवंडाळं टांगून झाली होती, आंब्याचे टाळे राहिले होते, आणि बाबा पडवीत पेटी उघडून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून वाडीत घरोघरी भजनं. दादाने मुंबईहून आणलेला नवा फोन त्यांच्या मांडीवर होता. त्यात त्यांनी आपलं तंबोऱ्याचं अ‍ॅप शोधलं, तर जिथे 'इन्स्टॉल' लिहिलेलं असतं तिथे किंमत दिसत होती. ५५० रुपये.

"गो, ह्यां परत पैशे मागता. मी एकदा दिलंय मां?"

दिले होते. २०१८ साली, माझ्यासमोर. नंतर वर्षभराने त्यातच तालांचा एक संच १९९ रुपयांना घेतला होता. बाबांचं वय आता ७१. चाळीसेक वर्षं भजनी बुवा म्हणून गायले. तरुणपणी गाण्याची पट्टी काळी चार होती, आता काळी दोनवर आले आहेत. पहाटे उठून तासभर सूर लावल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. ज्याला हे अ‍ॅप म्हणजे एक खेळणं वाटेल त्याने एकदा आमच्या पडवीत येऊन बसावं. बाबांची पेटी आजोबांची आहे. तिचे सूर पहिल्यापासून जरा चढे आहेत, त्यामुळे कुठल्याही तयार तंबोऱ्याशी ती नेमकी जुळत नाही. या अ‍ॅपमध्ये सूर अगदी बारीक, सेंटासेंटाने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर-खाली करता येतो. बाबांनी दोन दिवस कान लावून तो पेटीला जुळवला होता आणि पेटीच्या झाकणाच्या आत कागदाची चिठी चिकटवली होती: "काळी दोन, १२ वर". त्या दोन दिवसांत आम्ही घरात मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतो.

आमच्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी बरोबर निघतात, घरात कुणी म्हणून राहत नाही. फोन बदलणं मला तसंच वाटायचं. आणि बऱ्याच गोष्टी आल्याही. नंबर आले, फोटो आले, भजनाच्या ग्रुपवरचे जुने निरोप आले. विकत घेतलेलं तेवढं मागे राहिलं.

कारण ते फोनवर नव्हतंच कधी, आणि बाबांच्या नावावरही नव्हतं. ते होतं एका ईमेल खात्यावर.

हे खातं कुणी काढलं? २०१७ मध्ये बाबांचा पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने. खातं नसलं तर प्ले स्टोअर उघडत नाही, मागे गिऱ्हाईकं उभी, त्याने दोन मिनिटांत काढून दिलं. ईमेलमध्ये आधी दुकानाचं नाव, मग २०१७, मग ४२. बेचाळिसावा फोन असावा बहुतेक. पासवर्ड फोनच्या खोक्यावर लिहिला होता. खोकं आम्ही कधीच टाकून दिलं. रिकव्हरीसाठी नंबर त्याचाच. दुकान आता राहिलेलं नाही. आमच्या भागात अशी किती खाती असतील! वडीलधाऱ्या माणसाचा फोन आणि आत खातं दुकानदाराचं, भाच्याचं नाहीतर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं. पैसे घालेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. दादाने नवा फोन आणताना बाबांच्या खऱ्या नावाने नवं, नीट खातं काढलं होतं. त्याचा हेतू चांगलाच होता. पण त्या खात्याच्या लेखी बाबांनी आजवर एक रुपयाचंही काही घेतलेलं नव्हतं.

मी मालवणला एका पतसंस्थेत काम करते. वारस नोंद, नामनिर्देशन, खातं एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर, हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझा पहिला प्रश्न हाच: यासाठी अर्ज कुठे करायचा? उत्तर असं की अर्जच नाही. गुगल प्लेचा नियम स्पष्ट आहे, एका खात्यावरची खरेदी दुसऱ्या खात्यावर हलवता येत नाही. दोन्ही खाती एकाच माणसाची असली तरी नाही. आपण 'विकत घेतलं' म्हणतो, पण मिळते ती वापरायची परवानगी, आणि ती त्या खात्यापुरती. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव चढत नाही, फक्त वहिवाट मिळते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की अशा डिजिटल वस्तूला 'खरेदी' म्हणायचं असेल तर ही केवळ परवानगी आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं. असं आपल्याकडेही मराठीत, मोठ्या अक्षरांत, पैसे भरायच्या बटणाच्या वरच लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

खरेदी खात्याकडून हलत नसेल, तर खातं फोनकडे आणायचं. एवढा एकच रस्ता होता. पण खात्याचा पासवर्ड नाही आणि कोड जाणार तो कुणा भलत्याच्या नंबरवर.

वाचवलं जुन्या फोनने. तो जुलैत विहिरीवर पडला होता, पडदा काळा झाला होता, टच बंद. पण फोन आतून जिवंत होता, कारण अलार्म रोज पहाटे साडेचारला वाजायचा. चतुर्थीच्या गडबडीत मी तो कणकवलीला नेला आणि १८०० रुपये देऊन नवा डिस्प्ले बसवून घेतला. ७४९ रुपयांच्या खरेदीसाठी १८०० घालणं दादाला पटलं नाही. मला त्या वेळी पैशांचा हिशोब सुचत नव्हता. बाबा त्या दिवशी पेटी मिटून बसले होते.

फोन सुरू झाला आणि आत ते ४२ नंबरचं खातं लॉग-इन होतं. खात्यातून बाहेर न पडलेला फोन हातात असला आणि त्याचा पॅटर्न माहीत असला की बऱ्याचदा तिथूनच पासवर्ड बदलता येतो. बदलला. लगेच सुरक्षेच्या पानावर जाऊन दुकानातल्या मुलाचा नंबर काढला, बाबांचा आणि माझा घातला. इथे एक ध्यानात ठेवा: नंबर बदलल्यावरही पुढचे ७ दिवस कोड जुन्या नंबरवर जाऊ शकतो. म्हणून तो आठवडा मी जुना फोन बंद केला नाही, की कुठे हलवला नाही. बंद पडलेला प्रीपेड नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो, तेव्हा आपल्या खात्याची किल्ली अनोळखी हातात जाण्याआधी तो बदललेला बरा.

मग नव्या फोनवर हे जुनं खातं दुसरं खातं म्हणून जोडलं. एका फोनवर दोन-तीन खाती आरामात राहतात. मेल आणि संपर्क नको असतील तर त्या खात्याचं सिंक बंद ठेवायचं. प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या गोलावर दाबलं, खातं बदलून ४२ नंबरवर आले, अ‍ॅप शोधलं. किंमत गेली, 'इन्स्टॉल' आलं. माझे हात थरथरत होते हे खरं.

तालांचा संच मात्र लगेच आला नाही. अ‍ॅपच्या आत जे घेतो ते शक्यतो ज्या खात्याने अ‍ॅप उतरवलं त्याच्याकडे बघतं. तोपर्यंत दादाने बाबांच्या नव्या खात्यावरून, आपल्या कार्डाने ५५० भरून अ‍ॅप पुन्हा घेऊनही टाकलं होतं, चतुर्थीला बाबांची अडचण नको म्हणून. त्याने उतरवलेल्या त्या अ‍ॅपवरच मी दुसऱ्यांदा उतरवत होते. मग अ‍ॅप पूर्ण काढून टाकलं, स्टोअरमध्ये जुनं खातं निवडलं, पुन्हा उतरवलं, आत जाऊन 'रिस्टोअर' दाबलं. दीपचंदी, भजनी ठेका, सगळे ताल रांगेने आले. दादाचे पैसेही परत मिळाले. गुगल प्लेवर अ‍ॅप घेतल्यापासून ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो, आणि आम्ही त्या मुदतीत होतो.

पंचांगाचं अ‍ॅप मात्र वेगळ्याच वाटेला गेलं होतं. त्यातल्या जाहिराती बंद करायला बाबांनी ९९ रुपये भरले होते, पण ते जुन्या खात्यावर सापडेनात. शोधता शोधता कळलं की त्या वर्षी मे महिन्यात पुतणी सुट्टीला आली होती, तिने गेमसाठी आपलं खातं आजोबांच्या फोनवर जोडलं होतं, आणि पंचांग तिच्या खात्यावरून उतरलं होतं. ती आता पुण्याला शिकते. तिचं खातं आजोबांच्या फोनवर कायमचं ठेवणं तिलाही नको आणि आम्हालाही. गुगल प्लेची फॅमिली लायब्ररी आहे, खातेदार आणि आणखी ५ जणांपर्यंत कुटुंबाचा गट करता येतो, पण त्यातून विकत घेतलेली अ‍ॅपं वाटता येतात, अ‍ॅपच्या आतली खरेदी नाही. गट बदलायचा झाला तर वर्षातून एकदाच, म्हणून तो विचार करून करावा.

शेवटी मी अ‍ॅप बनवणाऱ्यालाच लिहिलं. पुतणीच्या मेलमध्ये पावती होती, तिच्यावर 'जीपीए'ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक. तो दिला, आजोबा-नातीची हकीकत दोन ओळींत लिहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: खरेदी हलवता येत नाही, पण बाबांच्या खात्यासाठी हा प्रोमो कोड घ्या. पैसे न भरता वस्तू मिळवून देणारे असे कोड बनवायची मुभा त्यांना स्टोअरच देतं, एका तिमाहीत ५०० पर्यंत. द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही. त्या माणसाने दिला, याचं मला फार बरं वाटलं. तुमचं असं काही अडकलं असेल तर ऑर्डर क्रमांक घेऊन आधी तिथेच लिहा.

वहिनीकडे आयफोन आहे. तिची गोष्ट थोडी निराळी. तिची दोन खाती, एक जुनं खरेदीपुरतं, एक रोजचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलने अशी दोन खाती असणाऱ्याला जुन्यावरची खरेदी मुख्य खात्यावर नेण्याची सोय आणली. ही बातमी तिने मला आनंदाने पाठवली. पण ती आली तेव्हा युरोपीय संघ, ब्रिटन आणि भारत यांना वगळून आली. आणि तीही एकाच माणसाच्या दोन खात्यांसाठी आहे, एकाकडून दुसऱ्याकडे द्यायला नाही.

गौरी गेल्यावर एका रात्री बाबांनी विचारलं, "आणि माझ्या मागसून ह्यां कोणाचा?"

पेटीबद्दल हा प्रश्न कधी पडला नाही. आजोबा गेले, पेटी बाबांकडे आली. उद्या ती दादाच्या मुलाकडे जाईल, त्याने आत्ताच भात्यावर हात बसवायला घेतला आहे. कुणाची सही लागली नाही, लागणार नाही. तंबोऱ्याचं मला नीट सांगावं लागलं. गुगलवर एक सोय आहे, खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसांना, जास्तीत जास्त १० जणांना, कळवलं जातं आणि ठरवलेला डेटा मिळतो. अ‍ॅपलवर वारस म्हणून संपर्क नेमता येतो, त्याला फोटो, नोंदी मिळतात, विकत घेतलेली गाणी-पुस्तकं आणि अ‍ॅपमधली खरेदी मिळत नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नामनिर्देशनाचा हक्क आहे, पण तो डेटाबद्दलचा. पतसंस्थेत पाचशे रुपयांच्या शेअरलासुद्धा आम्ही वारसाचा रकाना भरून घेतो. इथे तो रकानाच छापलेला नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती मला लहान वाटत नाही.

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, खात्याचं नाव सांग, लिहून ठेवतो. मी सांगितलं. दुकानाचं नाव, २०१७, ४२. ते थांबले. "ही दुकानाची वळख झाली. माझी खंय?" दाखवायचं नाव तरी बदलता येतं म्हणून मी तिथल्या तिथे बदललं आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

पेटीच्या झाकणात आता दोन चिठ्या आहेत. "काळी दोन, १२ वर", आणि खाली खात्याचा पत्ता, मोठ्या अक्षरांत. पासवर्ड लिहिलेला नाही, तो दादाला आणि मला माहीत आहे. जुना फोन दर महिन्याला एकदा चार्ज करायचं काम माझ्याकडे आहे.