आमची वाटचाल : भोसरीतलं नॅनोफायबर यंत्र

आम्ही मुळात सिरिंज पंप दुरुस्त करणारे. एका फार्मसी कॉलेजचे सर पंप घेऊन आले आणि म्हणाले, "इलेक्ट्रोस्पिनिंगचं अख्खं यंत्रच करून द्याल का? बाहेरचं आमच्या ग्रँटमध्ये बसत नाही." दिलं करून. इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे पॉलिमरच्या द्रावणातून हाय व्होल्टेजने केसाहून कितीतरी बारीक धागा ओढणं.

सांगायला यंत्र सोपं. सुईला 15-20 किलोव्होल्ट, समोर वीतभर अंतरावर अर्थिंग केलेला ड्रम, पंप ताशी 1 मिली. सुईच्या टोकाशी द्रावणाचा शंकू, म्हणजे टेलर कोन, धरला की पीसीएल या पॉलिमरचा धागा निघतो आणि ड्रमवर पांढरी साय जमते. कल्पना जुनीच, फॉर्महाल्स या संशोधकाचं पेटंट 1934 चं. त्यामुळे आमच्याच गाळ्यात लेथ शिकलेला पोरगा बाहेर पडून "स्वतःचं संशोधन" म्हणून तेच यंत्र निम्म्या भावात विकू लागला, तेव्हा कोर्टात जाऊन उपयोग नव्हता.

ते वर्ष आठवलं की अजून डोकं फिरतं. टेंडर मागून टेंडर 'एल-वन', म्हणजे सगळ्यात कमी भाव, या नावाखाली त्याला. आमची जुनी बिलं अडकलेली, बँकेचे फोन. लेथला गिऱ्हाईकसुद्धा बघून गेलं होतं.

सरांच्या कॉलेजनेही त्याचंच यंत्र घेतलं. पण त्यांना धाग्यात औषध भरायचं होतं, त्याला लागते कोअॅक्सियल सुई, म्हणजे नळीत नळी. आतून औषध, बाहेरून पॉलिमरचं कवच. आतली नळी केसभर जरी एका बाजूला सरकली, तरी तिकडचं कवच पातळ पडतं. सर ग्राफ घेऊन गाळ्यावर आले. दोन आठवडे झिरपायला हवं ते औषध पहिल्याच दिवशी निम्म्याच्या वर बाहेर! मी सुई भिंगाखाली धरली, काही बोललो नाही. पुढच्या खरेदीत सरांनी अट घातली : सुईची समकेंद्रता, म्हणजे आतली नळी बरोबर मधोमध आहे हे, मोजून दाखवा. त्या एका ओळीने लेथ वाचला.

नंतरची वर्षं बरी गेली.

नवीन पोरांना सांगतो, औषध धाग्याच्या पृष्ठभागावर राहिलं तर ते आधी धुऊन निघणारच, त्याला यंत्र काय करणार? पावसाळ्यात पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचे धागे एकमेकांना चिकटले तर आधी चेंबरची आर्द्रता बघा, मग आम्हाला फोन करा. आणि दार उघडताच हाय व्होल्टेज तुटत नसेल, तर ते यंत्र फुकटही घेऊ नका.

तो पोरगा हल्ली प्रदर्शनात शेजारीच स्टॉल लावतो. त्याच्या माहितीपत्रकावरचा फोटो आमच्या पहिल्या यंत्राचा आहे. ड्रमच्या कडेचं वाकडं वेल्डिंग माझ्या हातचं.