मका, चुना आणि आई

गंगापूर रोडला मेक्सिकन हॉटेल उघडल्याची बातमी लेकीने आणली आणि पंधरा दिवस तगादा लावला. शेवटी एका रविवारी निघालो. सकाळी मिसळ झालेली होती (नाशकात रविवारची सकाळ दुसऱ्या कशाला द्यायची नसते), त्यामुळे संध्याकाळी पोटाला फारशी घाई नव्हती. आईला न्यायचं की नाही यावर घरात दोन मतं होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण ती साडी बदलून दारात उभी होती.

आत भिंतीवर भलामोठा फड्या निवडुंग रंगवलेला. आई म्हणाली, "हा तर आमच्या बांधाला होता. याच्यासाठी एवढा रंग?" आमच्या बांधावरचा निवडुंगच तिकडून आलेला आहे आणि त्यांच्या झेंड्यावर गरुड त्याच्यावरच बसलाय, हे लेकीने आजीला सांगितलं. आजीने झेंड्याची दखल घेतली नाही.

आधी नाचोज आले. त्यांची गोष्ट मला आवडते. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या सरहद्दीलगत, मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावात काही अमेरिकन बायका हॉटेलात आल्या आणि नेमका स्वयंपाकी जागेवर नव्हता. तिथल्या इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने मक्याच्या रोट्यांचे तुकडे तळले, वर चीज वितळवलं, मिरचीचे काप ठेवले आणि पुढे केले. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो; आपल्याकडे दत्तात्रयचा दत्तू होतो तसं. आईने गोष्ट ऐकून घेतली, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "म्हणजे पोळीचा चिवडाच की." चिवड्याच्या गावात राहणाऱ्या बाईशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिखट चालेल ना, असं पोऱ्याने तीनतीनदा विचारून आणलेली हालापेनो मिरची तिने भाजीसारखी संपवली.

मग टॅको आला आणि आई गप्प झाली.

आईचं माहेर येवल्याकडचं. तिकडे मका भरपूर. पण मका म्हणजे जनावरांचा चारा, नाहीतर कोंबड्यांचं खाद्य. माणसाने खायचा तो भाजलेल्या कणसापुरता. अडचणीच्या वर्षी तिच्या आजीने मक्याच्या भाकरी केल्या होत्या, त्यांची आठवण ती एकाच वाक्यात सांगते: "थापताना फाटायची आणि खाताना टोचायची." गरम पाण्याची उकड काढली तरी दुमडायला गेलं की मधोमध तडा. आणि इथे तळहाताएवढी मक्याची भाकरी दुमडून, पोटात राजमा-भाजी भरून, आई तिला पुन्हा उघडत होती, मिटत होती. तडा नाही.

"यात मैदा आहे," तिने निकाल दिला.

पोऱ्याला बोलावलं. "नाही आजी, मैदा त्या मोठ्या बरिटोत असतो. हा पूर्ण मका. तयार पिठाचं पाकीट येतं."

"मग फाटत कशी नाही?"

तो आत जाऊन विचारून आला. "आजी, यात चुना असतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर बिल यायचं होतं, त्यामुळे मलाही क्षणभर तोच अर्थ लागला.

पण पोरगा खरं बोलत होता. मेक्सिकोत हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुतात आणि मग वाटतात. टरफल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो. शिवाय मक्यात अडकून राहिलेलं एक जीवनसत्त्व अंगी लागायला लागतं. कोलंबसानंतर मका जगभर गेला, चुना मात्र तिथेच राहिला. युरोपात इटलीसारख्या भागांत गरिबांनी वर्षानुवर्षं नुसत्या मक्यावर दिवस काढले आणि त्या जीवनसत्त्वाअभावी त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला: कातडी सोलवटायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची. धान्य नेलं, पण ते रांधणाऱ्या बायकांना कुणी काही विचारलं नाही. आईने सरळ पोऱ्याला विचारलं, "किलोला किती घालायचा?" हे त्याला माहीत नव्हतं.

ते लेकीने रात्री मोबाईलवर शोधलं: किलोला साधारण दहा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी आईने अर्धा किलो मका आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणवला. दाणे उकळत होते तेव्हा घरभर पाऊस पडून गेल्यावरच्या चुन्याच्या भिंतीसारखा वास. सकाळी पाणी हळदीसारखं पिवळं आणि दाणे बोटांत चोळले की साल निघून येतेय. तीन पाण्यांनी धुतले. मिक्सरने मात्र दोन मिनिटांत हात टेकले. मग गॅलरीतल्या कुंडीखालचा पाटा बाहेर निघाला, धुतला गेला. मेक्सिकोतही असाच पाटा असतो, त्याला तीन पाय असतात, मेताते म्हणतात, लेकीने माहिती पुरवली. आई वरवंटा ओढता ओढता म्हणाली, "मग त्यांचेही खांदे भरून येत असतील." आणि वरवंटा माझ्या हातात दिला. खांदे येतात भरून. खात्रीने सांगतो.

पहिली भाकरी फाटली. दुसरी परातीलाच चिकटून बसली. तिसरी आईने प्लॅस्टिकच्या दोन कागदांत दाबली, तव्यावर टाकली, उलटली, आणि गरम असतानाच तिच्यात मटकीची उसळ आणि ठेचा भरून दुमडली. धरून राहिली. थोडी जाड होती, मीठही विसरलं होतं, पण धरून राहिली. आईने उभ्या उभ्याच खाल्ली आणि हात पुसून येवल्याला मामाला फोन लावला.

"दहा किलो मका बाजूला काढून ठेव रे. चांगला निवडून."

पलीकडून मामाचा आवाज मलाही ऐकू आला. "ठेवतो की. पण अक्का, फ्लॅटमध्ये म्हैस कुठे बांधलीस?"