वाचनालयासाठी ब्राउझर निवडताना

आमच्या वाचनालयाच्या संगणकांवर कोणता ब्राउझर असावा, हा प्रश्न २०२४ च्या पावसाळ्यात कार्यकारिणीपुढे आला तो अभ्यासिकेतल्या मुलांच्या तक्रारींमुळे. स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरताना शुल्काच्या टप्प्यावर पान पांढरे पडत असे आणि तोच अर्ज त्यांच्या मोबाइलवर मात्र विनाअडथळा भरला जात असे. त्याच सुमारास आमच्या संग्रहातल्या जुन्या दिवाळी अंकांचा युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर संकेतस्थळावर वाचकांसाठी खुला व्हायचा होता. ही दोन्ही कामे माझ्याकडे होती. कार्यवाह मला म्हणाले, "सर, एकच काय तो ठरवा, म्हणजे सगळीकडे तोच बसवून टाकू." त्यांची अपेक्षा रास्त होती, पण काम जसजसे पुढे गेले तसतसे स्पष्ट होत गेले की मानकांचे पालन, सुसंगतता, वेग आणि सुरक्षितता या चारही कसोट्यांवर एकाच वेळी पहिला येणारा ब्राउझर शोधण्यापेक्षा, आपल्या यंत्रांवर आणि आपल्या पानांवर कोणती कसोटी आधी लावायची हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे.

तुलनेला बसण्यापूर्वी मी यादी लहान करून घेतली. ब्राउझरांची नावे अनेक असली तरी पान प्रत्यक्ष रचून दाखवणारी प्रमुख इंजिने तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि विवाल्डी हे सगळे ब्लिंकवर चालतात, फायरफॉक्स गेकोवर आणि सफारी वेबकिटवर. ब्लिंक हे स्वतः २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघाले. ऑपेराने आपले प्रेस्टो हे इंजिन त्याच वर्षी सोडले आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये नवा एज क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या मुक्त प्रकल्पाच्या, पायावर आणला. त्यामुळे क्रोम आणि एज शेजारी ठेवून 'पान कोणात चांगले दिसते' हे तपासण्यात फारसा अर्थ उरत नाही. तिथे फरक असतो तो सोयींचा आणि धोरणांचा. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवर कोणत्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी खाली इंजिन वेबकिटचेच असते, म्हणून संकेतस्थळाच्या चाचणीसाठी एक आयफोन उसना मिळवणे मला अपरिहार्य वाटले.

मानकांच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. १९९४ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था सुरू केली, २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या पुढाकाराने व्हॉटडब्ल्यूजी हा स्वतंत्र गट उभा राहिला, आणि २०१९ मध्ये दोघांनी एचटीएमएलचे, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेचे, एकच सतत अद्ययावत होणारे मानक मान्य केले. पूर्वी ॲसिड-३ या चाचणीत शंभरपैकी किती गुण मिळाले यावर ब्राउझरची प्रत ठरत असे. आता सगळ्या निर्मात्यांच्या सहभागाने वाढत गेलेला वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्सचा सामाईक चाचणीसंच आहे, आणि २०२२ पासून 'इंटरॉप' या उपक्रमात दरवर्षी काही विषय ठरवून सर्व इंजिनांतले फरक मिटवले जातात. या चाचण्यांचे निकाल मी पाहिले, पण त्यांवरून आमच्या प्रश्नाचे उत्तर निघत नव्हते. आमची पाने मराठी होती आणि मराठी मजकुराच्या बारकाव्यांवर गुण देणारा तक्ता कुणी करून ठेवलेला नव्हता.

म्हणून मी स्वतःच एक चाचणी-पान तयार केले. त्यात 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'क्षितिज', 'ज्ञानेश्वरी', 'हृदय', 'शृंगार' असे शब्द, 'ल' आणि 'श' असलेली वाक्ये, मोठ्या अक्षराने सुरू होणारा परिच्छेद आणि लाखांतल्या संख्या होत्या. आमच्या ग्रंथपाल बाईंनी ते पान भिंग घेऊन तपासावे तसे तपासले. एका संगणकावर 'ल' हिंदी वळणाचा दिसत होता, हे त्यांच्याच लक्षात आले. राज्य शासनाने २००९ मध्ये देवनागरी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' स्वीकारला आहे, आणि वाचनालयाच्या संकेतस्थळावर तोच असावा असा त्यांचा आग्रह होता. कारण शोधता आढळले की नोटो देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नोंदवले तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. ती नोंद केली आणि फाँट आमच्याच सर्व्हरवरून पुरवला, तेव्हा तिन्ही इंजिनांत 'ल' सारखा दिसू लागला. क्रोम आणि फायरफॉक्स यांची इंजिने वेगळी असली तरी जोडाक्षरे जुळवण्याचे काम दोघेही हार्फबझ या एकाच मुक्त आज्ञावली-संचाकडून करून घेतात, त्यामुळे या भागात त्यांच्यात फरक जवळजवळ सापडत नाही. सफारी मात्र ॲपलची स्वतःची यंत्रणा वापरतो.

खरा फरक दिसला तो परिच्छेदाच्या पहिल्या अक्षरात. 'क्षितिजावर' या शब्दाने सुरू होणाऱ्या कथेत जुन्या आवृत्तीतला एक ब्राउझर फक्त 'क्' मोठा करून पुढचा 'षि' तळाशी तसाच सोडून देत होता आणि नवी आवृत्ती मात्र 'क्षि' अखंड मोठा करत होती. देवनागरीत हलन्ताने जोडलेली व्यंजने मिळून एकच अक्षरगट धरावा, हा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण अक्षरविभागणीत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. इतक्या उशिरा तो यावा याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण आपल्याकडे बालवाडीतल्या मुलालाही 'क्ष' तोडता येत नाही हे ठाऊक असते. सूचीत लांब शीर्षके कापताना हाच प्रश्न पुन्हा आला. मजकूर अक्षरगटांनुसार तोडून देणारी इंटल सेगमेंटर ही सोय क्रोममध्ये २०२० पासून होती, सफारीत २०२१ मध्ये आली आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ च्या १२५ व्या आवृत्तीत पोहोचली. म्हणून आम्ही शीर्षके ब्राउझरवर न सोडता सर्व्हरवरच कापून पाठवायचे ठरवले. 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याशी जुळेलच याची खात्री नसते. तिथेही सगळ्या मजकुरात एकच पद्धत ठेवणे हाच उपाय होता.

सुसंगततेची तपासणी मी अभ्यासिकेत, मुलांच्या शेजारी बसून केली. पांढऱ्या पडणाऱ्या पानावर ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडला तेव्हा लाल ओळीत लिहिले होते की ऑब्जेक्ट ग्रुपबाय नावाचे फंक्शन अस्तित्वात नाही. जावास्क्रिप्ट या पानांतल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ही सोय क्रोमच्या ११७ व्या आणि फायरफॉक्सच्या ११९ व्या आवृत्तीत आली. आमची दोन यंत्रे विंडोज ७ वर होती आणि विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती म्हणजे जानेवारी २०२३ ची १०९ वी. मुलांच्या फोनवर नवी आवृत्ती असल्यामुळे तिथे अर्ज भरला जात होता. त्या यंत्रांवर फायरफॉक्सची दीर्घकाळ सांभाळली जाणारी ११५ वी आवृत्ती बसवून पाहिली. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या मोझिलाने मुदत वाढवत पुढेही चालू ठेवल्या होत्या, पण अर्जाचे पान तिच्यातही पांढरेच राहिले, कारण दुरुस्त्या मिळत असल्या तरी नवी वैशिष्ट्ये तिच्यात येत नाहीत. ब्राउझर सुरक्षित असणे आणि सुसंगत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे मला अन्यत्र दिसले नव्हते.

दुसऱ्या एका संकेतस्थळाची अडचण निराळी होती. फायरफॉक्समधून ते उघडले की 'हा ब्राउझर चालणार नाही' असा फलक येत असे. ब्राउझर सर्व्हरला जी ओळख पाठवतो ती बदलून क्रोमची पाठवली आणि सगळा अर्ज शेवटपर्यंत भरला गेला. म्हणजे अडथळा इंजिनात नव्हताच. पान केवळ नाव पाहून दार बंद करत होते. याच त्रासाला कंटाळून विवाल्डीने डिसेंबर २०१९ पासून बहुतेक ठिकाणी आपली ओळख क्रोम अशीच सांगायला सुरुवात केली. संकेतस्थळ करणाऱ्यांनी ब्राउझरचे नाव न तपासता हवी ती सोय उपलब्ध आहे का एवढेच तपासावे, ही शिफारस कितीतरी वर्षांची आहे आणि ती अजून पाळली जात नाही, याचा भुर्दंड अर्ज भरणाऱ्याला पडतो.

कार्यालयात अनुदानाच्या कामाची एक जुनी प्रणाली डिजिटल स्वाक्षरीसाठी ॲक्टिव्हएक्स हे इंटरनेट एक्सप्लोररमधलेच जुने तंत्र मागत असे. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याची पद्धत निवडक पत्त्यांपुरती चालू ठेवता येते आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. त्या एका पत्त्यासाठी आम्ही तसे केले.

वेगाची चाचणी मी स्पीडोमीटर ३ वर घेतली. मार्च २०२४ मध्ये आलेली ही चाचणी ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला मिळून सांभाळतात. कामांची यादी भरणे, खुणा करणे, पुसणे, मजकूर संपादित करणे, आलेख काढणे अशी नेहमीच्या वापरातली कामे ती करून पाहते, त्यामुळे ऑक्टेन या जुन्या चाचणीपेक्षा ती मला विश्वासार्ह वाटते. ऑक्टेन तर तिच्याच निर्मात्यांनी २०१७ मध्ये बंद केली, कारण इंजिने चाचणीपुरती जलद होऊ लागली होती. आमच्या चांगल्या यंत्रांवर क्रोम, एज आणि फायरफॉक्स यांच्या आकड्यांत वाचकाला जाणवेल असा फरक नव्हता. चार जीबी मेमरीच्या यंत्रांवर मात्र आकडे बाजूलाच राहिले. दहाबारा टॅब उघडले की हार्डडिस्कचा दिवा विझेनासा होई, मग ब्राउझर कोणताही असो. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बसवल्यावर आणि मेमरी आठ जीबी केल्यावर जो फरक पडला, तो ब्राउझर बदलून पडला नव्हता.

मेमरीची ही भूक सुरक्षिततेशीही जोडलेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये एका पानाला दुसऱ्याची माहिती चोरता येईल अशी स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यावर क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र प्रक्रियेत चालवायला सुरुवात केली आणि त्यासाठी दहा ते तेरा टक्के जास्त मेमरी लागेल असे गूगलने तेव्हा सांगितले होते. फायरफॉक्सने हेच २०२१ च्या अखेरीस सर्वांसाठी लागू केले. ही किंमत मी आनंदाने मोजली, कारण आमच्याकडे एकाच यंत्रावर एका टॅबमध्ये बँकेचे पान आणि दुसऱ्यात अनोळखी संकेतस्थळ उघडे असते.

संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास ब्राउझर कुठून घेतो, हेही मी मुद्दाम पाहिले. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून दिली गेल्याचे उघड झाले. त्या वेळी विंडोजची विश्वासयादी वापरणारे ब्राउझर त्यांना मान्यता देऊ शकत होते, तर फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असल्याने आणि तिच्यात त्यांना आधार देणारे मूळ प्रमाणपत्र नसल्याने त्याला बाधा नव्हती. क्रोमनेही २०२२ पासून स्वतःची यादी वापरात आणली आहे.

पण सार्वजनिक संगणकावरचा मोठा धोका याहून साधा असतो. मुले घाईत उठून जातात आणि त्यांचे परीक्षेचे खाते उघडेच राहते. म्हणून क्रोममध्ये धोरणाद्वारे फक्त पाहुण्याचा वापर (गेस्ट मोड) सक्तीचा केला, फायरफॉक्समध्ये पासवर्ड साठवणे बंद केले आणि बंद करताना कुकी व इतिहास पुसला जाईल असे केले. इतके करूनही डाउनलोडच्या फोल्डरात मुलांची आधार कार्डे आणि गुणपत्रिका साचत होत्या. त्यांना ब्राउझर हात लावत नाही. तो फोल्डर रोज रात्री रिकामा करणारी एक छोटी आज्ञावली वेगळी लिहावी लागली.

शेवटी विंडोज ७ ची दोन्ही यंत्रे लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीवर नेली आणि त्यांवर फायरफॉक्सची चालू आवृत्ती बसली. अर्जाचे पान तिथे पहिल्याच खेपेला पूर्ण उघडले. अभ्यासिकेतल्या इतर यंत्रांवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही आहेत आणि कार्यालयात एज आहे. कार्यवाहांना मी निर्णय सांगितला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग अद्ययावत कोण करणार?" विंडोजवरचे हे ब्राउझर स्वतः अद्ययावत होतात, पण बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवी आवृत्ती लागू होत नाही आणि आमची यंत्रे रात्री नुसती निद्रावस्थेत जात असत. आता ग्रंथपाल बाई दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येक यंत्र पूर्ण बंद करतात आणि सोमवारी सकाळी आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहितात.